संगणकाची ओसरी मोकळी ठेवा



गेल्या महिन्यात चाकणजवळच्या एका गावी कांदाचाळ पाहायला गेलो होतो. चाळ पाहून झाली, चहा आला, आणि घरचे आबा हळूच म्हणाले, "साहेब, आमचा सातबारा गेला हो!"

माझ्या काळजात धस्स झाले. या भागात कारखान्यांसाठी पुष्कळांच्या जमिनी गेल्या आहेत. पण आबांचा गेला होता तो संगणकातला सातबारा. दुसऱ्या दिवशी पीककर्जाचे कागद बँकेत द्यायचे होते, मुलगा कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेलेला, आणि सूनबाईंच्या समोरच्या पडद्यावर सकाळपासून एकही चित्र नव्हते.

मी म्हणालो, "ताई, मोकळ्या जागी माऊसचे उजवे बटण दाबा. ‘व्ह्यू’ निवडा. त्यात ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’ आहे ना, त्यापुढची खूण गेली आहे. तिथे एकदा दाबा." त्यांनी दाबले आणि सारी चित्रे जागेवर आली. नातवाच्या हातून ती खूण निघाली होती. माल जागच्या जागी होता, फक्त पडदा ओढला गेला होता.

आनंद मात्र फार टिकला नाही. पडद्यावर लग्नाचे फोटो, खताच्या पावत्या, पोराचे खेळ यांची नुसती दाटी. सातबाऱ्याच्याच पाच प्रती. ताजी कोणती, ते कळेना. आबा म्हणाले, "यापेक्षा आमची पत्र्याची पेटी बरी."

मग खरे दुखणे निघाले. दोन वर्षांपूर्वी हा संगणक बिघडला तेव्हा दुरुस्तीत तो पुसून नव्याने भरावा लागला. मोजणीच्या दिवशी काढलेले हद्दीच्या दगडांचे फोटो पडद्यावरच ठेवले होते, ते कायमचे गेले. आज बांधाला लागून शेजाऱ्याची भिंत उभी आहे आणि दगड दिसत नाहीत.

असे का झाले? डेस्कटॉप म्हणजे घराची ओसरी. तिथे ठेवलेली वस्तू बहुधा संगणकाच्या ‘सी’ भागात असते, आणि संगणक चालवणारी यंत्रणाही तिथेच राहते. तो भाग पुसला की ओसरीवरचेही पुसले जाते. धान्य आपण ओसरीवर ठेवत नाही, कोठीत ठेवतो. कागदांचेही तसेच करावे.

त्या संध्याकाळी आम्ही चार कामे केली. तुम्हीही करा.

पहिले, चित्रे ओळखा. ज्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे, ती नुसती वाट दाखवणारी पाटी. ती काढली तरी मूळ वस्तू राहते. बाण नसलेले फोल्डर किंवा कागद मात्र खरे असतात, ते पुसू नका.

दुसरे, ‘सी’ सोडून दुसरा भाग असेल तर तिथे चार फोल्डर करा: जमीन, पीक, बँक, घर. प्रत्येक कागद आपापल्या घरात हलवा. ओसरीवर रोज लागणारी चार-पाच चित्रेच ठेवा.

तिसरे, नावे नीट द्या. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळतो, पण उतरवलेला कागद बहुधा ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहतो. तो निवडून ‘एफ २’ कळ दाबा आणि नाव बदला. सूनबाईंनी ‘७/१२’ लिहिले, तर संगणक ते घेईना! विंडोजमध्ये नावात तिरकी रेघ चालत नाही. म्हणून ‘२०२५-०६ सातबारा’ असे लिहा. साल आधी, मग महिना. म्हणजे नावानुसार लावले की कागद आपोआप काळाच्या क्रमाने बसतात.

चौथे आणि सर्वांत मोलाचे, दर महिन्याच्या एक तारखेला ‘जमीन’ आणि ‘बँक’ या फोल्डरांची नक्कल पेनड्राइव्हवर घ्या. यंत्रातली तबकडीच बिघडली तर त्यातले सगळेच भाग जातात. पेनड्राइव्हवरचे मात्र जपून पुसा, तिथून पुसलेले सहसा कचरापेटीत जात नाही.

पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात कागद कापडात बांधून असत. पुण्याच्या पेशवे दप्तरातही कागदांचे रुमालच आहेत. कागद हवा तेव्हा सापडावा, एवढ्यासाठीच ती बांधाबांध. संगणक आला म्हणून ती शिस्त सोडून कशी चालेल?

निघताना सूनबाईंनी ताजा सातबारा काढून आबांच्या हाती दिला. आबांनी पेनड्राइव्ह मागून घेतला, रुमालात गुंडाळला आणि पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप लावले. मला ते फार आवडले.

बंधू-भगिनींनो, बांधाचे दगड आज दिसत असतील तर आजच त्यांचे फोटो काढा, आणि ते ओसरीवर ठेवू नका.