यात्रा पायांनीं घडावी

'यात्रा' हा शब्द 'या' म्हणजे जाणें या धातूपासून झाला आहे. अर्थात् यात्रेचें सार पोंचण्यांत नसून जाण्यांत आहे. पूर्वजांस हें व्याकरण शिकवावें लागत नसे; वाट तुडवूनच तें अंगीं मुरत असे. हल्लीं मोटार देवळाच्या दाराशीं उभी राहते, ओटी भरली जाते, प्रसाद हातीं पडतो आणि तासाभरांत मंडळी गाडींत परत बसतात. कुलाचार झाला खरा. पण यात्रा झाली असें आम्हांस म्हणवत नाहीं.

बीड जिल्ह्यांतील अंबेजोगाईचेंच उदाहरण घ्या. योगेश्वरी ही कोंकणस्थांच्या कित्येक घराण्यांची कुलस्वामिनी; तेव्हां आमच्या वाचकांपैकीं बरेच जण तेथें जाऊन आले असतील. परंतु जयंती नदीकांठचें तें गांव पाहिलें काय, असें विचारल्यास पुष्कळांस निरुत्तर व्हावें लागेल. परळीच्या वैजनाथाशीं देवीचा विवाह ठरला, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड पाषाणाचें झालें, ही कथा घरोघर सांगतात. त्या कथेंतला मांडव गांवाच्या कडेस आजहि उभा आहे. खडकांत कोरलेल्या या लेण्यास कोणी जोगाईचा मांडव म्हणतात, कोणी हत्तीखाना. आजीकडून कथा ऐकलेलें मूल त्या दगडी हत्तींपुढें उभें राहिलें म्हणजे त्याला जें उमगतें, तें सभामंडपांत बसून उमगत नाहीं.

याच गांवीं यादव सिंघणाचा सेनापति खोलेश्वर याच्या घराण्याची स्मृति आहे. शके ११६२ (इ. स. १२४०) च्या शिलालेखावरून कळतें कीं, त्याचा पुत्र राम रणांत पडला आणि त्याच्या स्मरणार्थ बहीण लक्ष्मी हिनें देऊळ बांधविलें. भावासाठीं बहिणीनें केलेलें हें कार्य आमच्या मुलींस सांगण्याजोगें नाहीं काय? शिवाय बाराखांबीचे खांब आहेत, कापडाच्या पासोडीवर 'पंचीकरण' लिहिणाऱ्या दासोपंतांचें स्थान आहे, आणि गांवाबाहेर दरींत मुकुंदराजांची समाधि आहे.

परंतु स्थळांची यादी म्हणजे वाट नव्हे. पाहुणा अर्ध्यांतून मागें फिरतो, तो पुढचें देऊळ लहान म्हणून नव्हे. तें किती दूर आहे हें कळत नाहीं, बसावयास ओटा नाहीं, डोक्यावर सावली नाहीं आणि पाठीमागून भोंगा वाजत असतो, म्हणून. आमच्या मतें अशा वाटेची परीक्षा घरांतील सर्वांत वडील माणसानें घ्यावी. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई नातवाचा हात धरून जेथें निर्धास्त चालतील, ती वाट चांगली. मग तेथें कमानी व रोषणाई नसली तरी चालेल.

अहमदाबादकरांनीं हें ओळखलें. तेथें १९९७ च्या नोव्हेंबरांत काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत पायीं फिरण्याचा उपक्रम सुरू झाला. सकाळच्या गारव्यांत माहितगार माणूस पाहुण्यांस घेऊन निघतो. दोन टोंकांस दोन मोठीं स्थळें आहेत. पण पाहुण्याच्या मनांत राहतात त्या मधल्या पोळी, म्हणजे दरवाजा असलेल्या वस्तीच्या गल्ल्या, आणि पांखरांस दाणे घालण्याचे चबुतरे.

आपणांस हें नवें नाहीं. पाणपोई घालणें, वाटेवर झाड लावणें, त्यास पार बांधणें, हीं पुण्यकर्में आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलों. मग देवीच्या नांवें देणगी देतांना भिंतीवर आपल्या नांवाची संगमरवरी पाटीच कां लावावी? मंदिराहून हत्तीखान्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक लिंब, एक ओटा, पाण्याचा एक रांजण आणि 'पुढील स्थळ इतक्या पावलांवर' अशी एक पाटी, इतकें केलें तरी देवीस तें कमी पोंचेल असें आम्हांस वाटत नाहीं.

तोंवर प्रत्येक कुटुंबानें आपल्यापुरतें एवढें करावें. थंडीच्या दिवसांत जावें आणि गांवीं एक रात्र मुक्काम करावा. पहांटे दर्शन उरकून, खडक तापण्यापूर्वीं, मुलांस व वडीलधाऱ्यांस घेऊन पायीं निघावें. वडील थकले तर तेथेंच बसावें आणि लक्ष्मीची कथा मुलांस सांगावी. परळी दुसऱ्या दिवशीं करावी. घरीं परतल्यावर नातवास एकच विचारावें, 'देवीच्या गांवीं काय पाहिलेंस रे?' देवळाखेरीज आणखी एखादें नांव त्याच्या तोंडून निघालें, तर यात्रा झाली म्हणावें.