सुकट-बोंबील आणि घरच्या बाईचे ताट



एका भगिनीने विचारले आहे की, परदेशातून आलेल्या नातेवाइकांनी सामन माशाचा बंद डबा दिला, त्याचे करावे काय? डबा फुगलेला नसेल, तारीख उलटली नसेल, तर खुशाल वापरा. हा मासा डब्यात भरून, झाकण पक्के करून मग वाफेच्या दाबाखाली शिजवतात. त्यामुळे काटेही मऊ होतात. ते फेकू नका, बोटांनी चुरडून टाका, हाडांना लागणारे कॅल्शियम त्यातच असते. अमेरिकेत सॅक्रामेंटो नदीकाठी १८६४ साली असे डबे भरणे सुरू झाले. उकडलेला आलू, कांदा, हिरवी मिरची, सांबार व थोडे बेसन घालून त्याच्या टिक्क्या तव्यावर भाजाव्या. मीठ आधी चाखून मगच टाकावे.

पण आपल्या वर्धा जिल्ह्यात असा डबा किती घरी येणार? समुद्र आपल्यापासून शेकडो मैल दूर. तरी हिंगणघाट, पुलगावच्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळापासून कामगारांच्या घरी समुद्राची मासळी शिजते, ती सुकट-बोंबलाच्या रूपाने. ओला बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. कोळी लोक तो किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर टांगून उन्हात वाळवतात, तेव्हा कुठे तो आठवडी बाजारातल्या पोत्यापर्यंत टिकतो. डबाही टिकण्यासाठी आणि बोंबीलही टिकण्यासाठीच. पण एकाला शहरात मान, दुसऱ्याचा वास आला की शेजारी नाक मुरडतात. शिकायला गेलेल्या आपल्या मुलींना खोली देताना घरमालक आधी खाण्याचीच चौकशी करतो. म्हणून काही घरांनी सुकट आणणेच सोडले. आम्हाला हे पटत नाही. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील दलितांच्या खाण्यावर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे अख्खे पुस्तक लिहिले (२०१५), ते अशा लाजेपायी चुली गप्प होऊ नयेत म्हणूनच, असे आम्ही समजतो.

लाज कशाची? शंभर ग्रॅम सुक्या बोंबलात साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. तुरीच्या डाळीत बावीस-तेवीस. एवढा बोंबील एक माणूस खात नाही हे खरे, पण पाव हिस्सा खाल्ला तरी पुष्कळ झाले.

आता करण्याची रीत. बोंबलाचे डोके, शेपूट, पर काढून दोन बोटांएवढे तुकडे करावे. कोरड्या तव्यावर परतून गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवावे, दोन-तीनदा धुऊन ते पाणी फेकून द्यावे. सुकट आधी सुपात पाखडावी, भाजावी आणि पाण्यात टाकून वरचेवर हाताने उचलून घ्यावी. भांडे ओतू नये, रेती तळाशी बसलेली असते. बाजारात फार पांढरट भुकटी लागलेली किंवा औषधाचा वास येणारी मासळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

गंजात तेल तापवून कांदा, लसूण-मिरचीचा ठेचा, हळद, तिखट, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण परतावे. वांगी घालून अर्धी शिजू द्यावी, मग बोंबील आणि गरम पाणी. आठ-दहा मिनिटांत रस्सा तयार. खारवलेली मासळी असेल तर मीठ हात आखडून, घरात रक्तदाबाचे माणूस असेल तर ती मासळी नकोच.

आणि एक बोलायचे आहे, रागावू नका. तुकडे घरधन्याला, मग पोरांना, आणि बाईच्या भाकरीसोबत नुसता रस्सा, हे कुठवर चालायचे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. मासळीचे सत्त्व रस्स्यात थोडे, तुकड्यात जास्त. दिवसभर निंदण करून आलेल्या बाईने, बाळंतिणीने, वयात आलेल्या मुलीने आपले दोन तुकडे आधी काढून ठेवावे. सासूबाईंनी स्वतः वाढले तर आणखीच उत्तम.

पावसाळ्याआधी मासळीला कडक ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवावी. ओल लागून बुरशी दिसली तर ती धुऊनही वापरू नये.