खुल्या संहितेची राखण कोणी करावयाची?

जे सर्वांचे असते त्याची काळजी कोणीच घेत नाही, हा अर्थशास्त्रातील जुना अनुभव आहे. गावाच्या विहिरीचे पाणी सर्वजण भरतात. गाळ काढण्याची वेळ आली की मात्र प्रत्येकजण शेजाऱ्याकडे पाहतो. संगणकाच्या जगात ज्यांना ‘मुक्त स्रोत’ म्हटले जाते, त्या प्रणालींची आज हीच अवस्था आहे. हा प्रश्न केवळ शहरातील तज्ज्ञांचा आहे असेही कोणी समजू नये. तलासरी तालुक्याच्या टोकाला, गुजरातच्या सीमेवर असलेल्या झाईसारख्या मच्छीमार गावात पोचलेला अँड्रॉइड फोनही लिनक्स या मुक्त प्रणालीच्या गाभ्यावरच चालतो.

मुक्त संहिता कोणासही वाचता येते, म्हणून तिच्यातील दोष लवकर सापडतात, असे तिचे पुरस्कर्ते सांगत आले आहेत. परंतु वाचता येणे निराळे आणि प्रत्यक्ष वाचले जाणे निराळे. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त राखणाऱ्या ओपनएसएसएल या प्रणालीच्या मार्च २०१२ मधील आवृत्तीत ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष होता. तो जगासमोर आला एप्रिल २०१४ मध्ये. समोरच्याने सांगितलेली संदेशाची लांबी पडताळून न पाहता प्रोग्रॅम तेवढा मजकूर परत पाठवीत असे आणि त्याबरोबर संगणकाच्या स्मृतीतील परक्यांची गुपितेही बाहेर पडत. जगभरच्या संस्था जिच्यावर विसंबून होत्या, त्या प्रणालीला तोपर्यंत वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलरच्या देणग्या मिळत होत्या!

अशा वाचनात यंत्राचे साह्य घेता येते. जाळे समुद्रात टाकण्यापूर्वी कोळी ते किनाऱ्यावर पसरून फाटके भाग शोधतो. त्याचप्रमाणे प्रोग्रॅम प्रत्यक्ष न चालवता दुसऱ्या प्रोग्रॅमकडून त्याची संहिता तपासून घेणे, यास स्थिर विश्लेषण म्हणतात. मूल्य न देताच वापरलेला चल, मोकळी केलेली स्मृती पुन्हा वापरणे, असे दोष त्यातून दिसतात. २००६ साली अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या अर्थसाहाय्याने कोव्हेरिटी कंपनी व स्टॅनफर्ड विद्यापीठ यांनी मुक्त प्रणालींची अशी तपासणी हाती घेतली. आपल्याकडेही ही विद्या परकी नाही. या तंत्राच्या मुळाशी असलेल्या ‘डेटा फ्लो’ विश्लेषणावर मुंबई आयआयटीतील उदय खेडकर व अमिताभ सन्याल यांनी सहलेखिकेसह लिहिलेला ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जीसीसी या मुक्त संकलकात तर २०२० पासून असा परीक्षक अंगभूतच आहे.

तथापि यंत्रावर सर्व भार टाकून चालणार नाही. हार्टब्लीड त्या वेळच्या प्रचलित परीक्षकांच्या नजरेतून निसटला होता. कोव्हेरिटीला त्यासाठी मागाहून नवा नियम घालावा लागला. उलट, जेथे दोष नाही तेथेही यंत्र इशारे देते. त्या ढिगातून खरा दोष निवडणे आणि दुसरे काही न बिघडवता तो दुरुस्त करणे हे माणसाचेच काम. साधन फुकट मिळते. जाणत्या माणसाचे श्रम फुकट मिळत नाहीत. खरा खर्च येथे आहे आणि तो कोणाच्याच अंदाजपत्रकात नाही.

केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. ते योग्यच होते. पण परवाना शुल्काची बचत मोजणाऱ्यांनी देखभालीचा खर्चही मोजला पाहिजे. वाचलेल्या पैशांतील ठरावीक हिस्सा संहितेची तपासणी व दुरुस्ती यांसाठी राखून ठेवावा. अभियांत्रिकी महाविद्यालयांनीही वर्षअखेरच्या प्रकल्पांचे ठरीव साचे सोडून, अशा इशाऱ्यांची छाननी व दुरुस्ती हे काम विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे आणि त्यास गुण द्यावेत. बँकेपासून शिधावाटपापर्यंत सारे व्यवहार संगणकाच्या हवाली करावयाचे आणि त्या संगणकातील संहिता मात्र कोणीतरी परदेशी स्वयंसेवक फावल्या वेळात तपासील या भरवशावर राहावयाचे, यास काटकसर म्हणता येणार नाही. कारण दोष उघडा पडतो तेव्हा त्याची किंमत, ज्याला संहिता म्हणजे काय हेही ठाऊक नाही, त्या खातेदाराला मोजावी लागते.