केसपेपर कुणाच्या ताब्यात?

वाईट माणसे कोणत्या पेशात नसतात? मूठभरांपायी सगळ्या डॉक्टरांना आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करता? वैद्यकीय निष्काळजीपणाचा विषय निघाला की हा सवाल हमखास येतो.

बीडच्या आकड्यापुढे तो टिकत नाही. जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली, असे २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले. यातल्या काही शस्त्रक्रिया गरजेच्याही असतील. पण ऊसतोडीला जाणाऱ्या अनेकींची कहाणी एकाच वळणाची होती. अंगावरून पांढरे जाते किंवा ओटीपोटात दुखते म्हणून बाई दवाखान्यात जायची, तिथे कॅन्सरची भीती घातली जायची, आणि मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशन उरकले जायचे. पाळीमुळे खाडा झाला तर दंड बसतो, तेव्हा तीही फारसे विचारत नसे. ज्या जिल्ह्यात हे वर्षानुवर्षे चालते, तिथे सगळा दोष चार-दोन नाठाळांच्या माथी मारून भागत नाही. पुढे अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची करावी लागली. म्हणजे तोवर विचारणारे कुणी नव्हते.

दुसरा बचाव अधिक सभ्य आहे : उपचारात गुंतागुंत होतेच, प्रत्येक मृत्यू म्हणजे चूक नव्हे. अगदी मान्य. पण गुंतागुंत कोणती आणि हलगर्जी कोणती, हे ठरवायचे कुणी?

१९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला नेले. तिथे भूल न देता माणसे लावून पाय जोराने ओढला गेला आणि त्याच संध्याकाळी मुलगा गेला. हाडातली चरबी रक्तात मिसळल्याने मृत्यू आला, असा शल्यविशारदांचा खुलासा होता. न्यायालयाने कागद, पत्रे, साक्षी ताडून पाहिल्या आणि खुलासा नाकारला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ मध्ये लागला. भरपाई मिळाली तीन हजार रुपये. बापाने पंधरा वर्षे चिकाटी धरली म्हणून निदान एवढे तरी कळले.

खटल्यांच्या धास्तीने डॉक्टर नको तितक्या तपासण्या लिहून देतात, हा तिसरा मुद्दा. धास्ती खरी असेल, पण कायदा तितका क्रूर नाही. घोर निष्काळजीपणा असल्याशिवाय आणि दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय फौजदारी कारवाई नको, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच बजावले. ते प्रकरण लुधियानाचे होते : श्वास लागलेल्या रुग्णासाठी आणलेले ऑक्सिजनचे सिलिंडर रिकामे निघाले. डॉक्टर सुटले, आणि माझ्या मते ते योग्यच झाले, कारण सिलिंडर भरलेले ठेवणे हे रुग्णालयाचे काम. नव्या न्याय संहितेतही निष्काळजीपणाने मृत्यू घडला तर इतरांना पाच वर्षांपर्यंत, तर नोंदणीकृत डॉक्टरला उपचारादरम्यानच्या मृत्यूसाठी दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. राहिली डॉक्टरांना होणारी मारहाण. डॉक्टरवर हात उचलणारा गुंडच, त्याची कड घ्यायची नाही. मात्र दाद मागायची दारे बंद राहिली की अशा गुंडांना गर्दी मिळते, हेही डॉक्टरांच्या संघटनांनी ऐकून घ्यावे.

गुंतागुंत की हलगर्जी हे कागदावरूनच ठरते, म्हणून भांडण डॉक्टरशी नसून त्या कागदासाठी आहे. मागणी आल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याच्या नोंदी द्याव्यात, असे डॉक्टरांसाठीची २००२ ची आचारसंहिताच सांगते. प्रत्यक्षात ‘आधी बिल भरा, मग बघू’ हे उत्तर ऐकले नाही असे घर विरळा. वैद्यक परिषदेकडे जावे तर तिथे डॉक्टरांचा न्याय डॉक्टरच करणार. त्यावरच्या अपिलाचा हक्क २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३० मध्ये डॉक्टरला दिलेला आहे, रुग्णाचे तिथे नावच नाही. रुग्णालाही अपील करता यावे, ही दुरुस्ती आधी व्हावी. आणि संशयास्पद मृत्यूनंतर केसपेपरची प्रत त्याच दिवशी रुग्णालयाबाहेरच्या तज्ज्ञांकडे जावी. प्रामाणिक डॉक्टरची बाजूही त्याच कागदावर सिद्ध होईल. बाळंतपणात बाई दगावली तर शासन माता मृत्यू अन्वेषण करतेच. मग अपेंडिक्सच्या ऑपरेशनला गेलेला धडधाकट माणूस परत आला नाही, तर ते का होऊ नये?