दाखला म्हणजे अडवणूक नव्हे

अमेरिकेतल्या काउंटी फेअरमध्ये जनावरे दाखवायची तर आरोग्याच्या नाना अटी, ही निव्वळ बाबूगिरी, असे गेल्या अंकातील एका पत्रात म्हटले आहे. विस्कॉन्सिनमध्ये मुलीची शेळी जत्रेत नेणारी आई म्हणून मला हे पटले नाही.

२०१२च्या उन्हाळ्यात जत्रांतील डुकरांकडून माणसांना एका नव्या फ्लूची लागण झाली. रुग्ण ३००हून अधिक, त्यांत बहुतेक मुले. म्हणून डुकरांचा मुक्काम ७२ तासांत आटोपावा, अशी शिफारस झाली. २०२४मध्ये बर्ड फ्लू गाईंत पोचला, तेव्हा आमच्या राज्याने दुभत्या गाईंना जत्रेआधी सात दिवसांच्या आतली चाचणी सक्तीची केली. शेळ्या-मेंढ्यांच्या कानातला बिल्लाही शोभेचा नाही. स्क्रेपी या रोगाचा माग त्यावरूनच निघतो.

गेल्या वर्षी मांडवाच्या तोंडाशीच डॉक्टरांनी आमच्या शेळीचा कान उलटून पाहिला. आत रुपयाएवढा गजकर्णाचा चट्टा. आल्या पावली घरी. लेक रडरड रडली. आठवड्याने तसाच चट्टा तिच्या मनगटावर उठला, तेव्हा गप्प झाली.

नियम ऐनवेळी बदलतात आणि तपासणीचा खर्च जाचतो, हे पत्रलेखकांचे म्हणणे मात्र रास्त आहे. मग सूचना वेळेवर द्या, फी कमी करा, असे म्हणावे. अटच काढा म्हणणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

– एक वाचक, विस्कॉन्सिन