हस्तलिखितावर संस्कार कोणी करावयाचे?

एखादा शिक्षक किंवा कारकून वर्षानुवर्षे सवड काढून लिहितो आणि निवृत्तीच्या सुमारास भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कम मोडून पुस्तक छापून घेतो. कागद, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, बांधणी, इतकेच नव्हे तर प्रकाशन समारंभातील हारतुऱ्यांचीही तरतूद त्याच्या अंदाजपत्रकात असते. नसते ती केवळ संपादनाची. परिणामी पहिल्याच पानावर मुद्रणदोष दिसतात, पहिल्या प्रकरणातील मजकूर पाचव्यात पुन्हा भेटतो आणि भेटीदाखल दिलेल्या प्रती न वाचताच कपाटात जातात. दोष लेखकाच्या अनुभवाचा नसतो. हस्तलिखितावरून दुसऱ्या जाणत्याचा हात फिरलेला नसतो, एवढेच.

पूर्वी अनेक लेखकांना हा भार स्वतः उचलावा लागत नसे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे ‘सत्यकथे’चे संपादक नवोदितांना पत्रे लिहीत, त्रुटी दाखवीत, पुनर्लेखन करवून घेत. ते काम नियतकालिकाचे कर्तव्य समजले जाई. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडले. काही प्रकाशनसंस्था ती परंपरा आजही निष्ठेने चालवीत आहेत. परंतु स्वखर्चाने पुस्तक काढण्याची प्रथा जसजशी वाढली, तसतशी संपादनाची जबाबदारी लेखकाच्याच माथी आली.

मग तुटपुंज्या प्राप्तीच्या लेखकाने करावे काय? दरासाठी घासाघीस हा मार्ग न्याय्य नव्हे. मुद्रितशोधकाचाही संसार त्याच कामावर चालतो. दर कमी करण्यापेक्षा त्याच्यापुढे जाणारे काम कमी करावे, यातच शहाणपण आहे.

त्यासाठी संपादन आणि मुद्रितशोधन यांतील भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. संपादक रचना, सुसंगती आणि पुनरुक्ती पाहतो. मुद्रितशोधक शुद्धलेखन, विरामचिन्हे आणि जुळणीतील चुका. आधी मुद्रिते तपासून घेणे आणि मग प्रकरणे हलविणे म्हणजे रंग दिलेली भिंत पाडण्यासारखे आहे. त्यात पैसा दोनदा जातो. लेखकाने हस्तलिखित महिनाभर बाजूस ठेवावे, नंतर ते मोठ्याने वाचावे आणि निःसंकोचपणे काटछाट करावी. समानधर्मी दोन लेखकांनी परस्परांची हस्तलिखिते तपासल्यास एक पैही खर्च होत नाही. शुद्धलेखनाचे म्हणाल, तर साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे अवघे अठरा नियम आहेत. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कोणासही ते आत्मसात करता येतील. संगणकातील शब्दतपासनीसावर मात्र सर्वस्वी विसंबू नये. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन्ही शब्द शुद्धच असल्याने एकाच्या जागी दुसरा पडला तरी त्याच्या नजरेतून तो निसटू शकतो.

एवढे केल्यावर व्यावसायिकाकडे जावे. संपूर्ण ग्रंथाचा खर्च झेपत नसेल, तर एकच प्रकरण संपादकाकडून तपासून घ्यावे आणि त्यात आढळलेले दोष उर्वरित प्रकरणांतून स्वतः दूर करावेत. पानामागे दर किती, मुद्रिते किती वेळा तपासली जाणार, हे आधीच लेखी ठरवावे.

तथापि सारा भार व्यक्तीवर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देण्याची योजना राबविली, हे स्पृहणीयच होय. अशा प्रत्येक अनुदानात संपादनासाठी रक्कम राखून ठेवली जावी. साहित्यसंस्थांनी आणि गावोगावच्या ग्रंथालयांनी महिन्यातून एक दिवस हस्तलिखित वाचनासाठी द्यावा. निवृत्त भाषाशिक्षकांना त्यासाठी सन्मानाने, मानधन देऊन पाचारण करावे. एका सत्कार समारंभाच्या खर्चात अशा कितीतरी बैठका होऊ शकतील.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंदोत्सवही झाला. परंतु भाषेची प्रतिष्ठा अखेर छापल्या जाणाऱ्या पानांवरूनच ठरते. ते पान निर्दोष करण्याची ऐपत केवळ सधन लेखकालाच असावी, हे त्या दर्जास शोभणारे नाही.