गवंड्याच्या थापीस सरकारी कामांत वाटा हवा

भायखळ्याच्या एखाद्या जुन्या चाळीची डागडुजी चालली असतां उभें राहून पाहावें. वर परांचीवर गवंडी, खालीं माल कालविणारी बाई, आणि बाजूला सिमेंटचीं पोतीं मोजणारा लहान ठेकेदार. हा ठेकेदार बहुधा कालचा गवंडीच असतो. बायकोचा दागिना गहाण ठेवून त्यानें पहिलें काम घेतलेलें असतें. साऱ्या देशाचीं घरें बांधणाऱ्या या माणसास देशाच्या धोरणांत जागा कोठें आहे, हें आज आम्हांस विचारावयाचें आहे.

हा प्रश्न आमच्या चळवळीस परका नाहीं. महात्मा जोतीराव फुले स्वतः ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणास त्यांनीं सामान पुरविलें. इंजिनियर खात्यांत गरिबाच्या घामांतून वाटा कसा काढला जातो हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें, आणि त्यावर लेखणीचे कोरडे ओढले. भायखळ्यालगतच्या कामाठीपुऱ्यास ज्यांचें नांव मिळालें, ते तेलुगु कामाठी मुंबईच्या इमारतींवर राबले. मुंबईंतील तेलुगु ठेकेदारांनींच पुढें सत्यशोधक समाजास आधार दिला. लहान ठेका ही कारागिराच्या मुलास मजुरींतून वर चढविणारी शिडी आहे.

आतां कायदा पाहूं. केंद्र सरकारनें २००६ सालीं लहान उद्योगांसाठीं कायदा केला. त्याप्रमाणें माल किंवा सेवा घेतल्यावर ४५ दिवसांच्या आंत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज, तेंही दरमहा चक्रवाढीनें. २०१२ सालीं सरकारी खरेदींत लहान उद्योगांचा वाटा ठरविला, आणि २०१८ सालीं तो २५ टक्के केला. त्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांस ४ टक्के व स्त्रियांस ३ टक्के. हें सर्व स्तुत्य आहे.

परंतु मेख पुढेंच आहे. हा वाटा वस्तू व सेवा यांपुरता. बांधकामाचा ठेका त्यांत धरावयाचा नाहीं, असा सरकारचा खुलासा आहे. अशा ठेक्यास २००६ चा कायदा लागू नाहीं, असा निकाल मुंबई हायकोर्टानेंही दिला आहे. अन्य कोर्टांत निराळा कौल पडला, म्हणून वाद चालूच आहे. म्हणजे कचेरीस खुर्ची विकणाऱ्यास संरक्षण, आणि ती खुर्ची जेथें ठेवावयाची ती खोली बांधणाऱ्यास नाहीं!

आम्ही पंतोजी, आम्ही हिशेबानें बोलतों. समजा, दहा लाखांचें काम आहे. नऊ लाख खर्च, एक लाख नफा. ते नऊ लाख महिना २ टक्के व्याजानें काढले, तर दरमहा १८,००० रुपये व्याज. बिल सहा महिने अडकलें कीं व्याज झालें १,०८,०००. नफा बुडालाच, वर आठ हजार घरचे गेले. ही गोष्ट केवळ पाटीवरची नव्हे. थकलेल्या बिलांसाठीं २०२५ सालीं महाराष्ट्रांतील ठेकेदारांना रस्त्यावर यावें लागलें.

२०२३ पासून विश्वकर्मा योजनेंत राजमिस्त्री, सुतार, लोहार यांस ५ टक्के व्याजानें तीन लाखांपर्यंत कर्ज मिळूं लागलें. ठीक. पण हातांत थापी दिली आणि बांधावयास भिंत दिली नाहीं, तर तें कर्ज फेडावें कशानें?

कोणी म्हणतील, लहानांवर भरंवसा कसा ठेवावा? त्यांस आम्ही मुंबईचेच रस्ते दाखवितों. २०२३ च्या आरंभीं महापालिकेनें सुमारें ६,०८० कोटींचीं रस्त्यांचीं कामें अवघ्या पांच गठ्ठ्यांत बड्या कंपन्यांस दिलीं. ज्या शहर भागांत भायखळा येतो, त्याचाच ठेका काम न झाल्यामुळें रद्द करावा लागला. मोठेपणा म्हणजे कांहीं चोखपणाची हमी नव्हे.

तथापि आपल्या लोकांचे दोषही आम्ही झांकणार नाहीं. कित्येक लहान ठेकेदार मजुराची नोंदणी करीत नाहींत, बाईस पुरुषापेक्षां कमी मजुरी देतात, मालांत वाळू वाढवितात. जो कालपर्यंत स्वतः पाटी वाहत होता, त्यानेंच आज पाटीवाल्यास नाडावें, याहून लाज ती कोणती? वाटा मागावयाचा तर हात स्वच्छ हवेत. कायद्याप्रमाणें मजुरांची नोंद करील त्यासच वाटा, ही अट आम्हांस मान्य आहे.

आमचें मागणें थोडक्यांत असें. बांधकामाचीं लहान कामें २५ टक्क्यांच्या धोरणांत घ्यावीं. मोठ्या निविदांचे, जेथें कामास बाध येत नाहीं तेथें, लहान तुकडे करावे. बिल ४५ दिवसांत न दिल्यास व्याज द्यावें, आणि मोठ्या ठेकेदाराच्या हाताखालीं राबणाऱ्या पोटठेकेदारासही तोच हक्क असावा. यांत अशक्य असें कांहीं नाहीं. महाराष्ट्रांत लहान कामांचा हिस्सा मजूर सहकारी संस्थांसाठीं राखण्याची रीत आहेच. दिल्लीनें तोच कित्ता गिरवावा.

आणि वाचकहो, तुमच्यापैकीं गवंडी, सुतार, पाथरवट, बेलदार जे असाल, त्यांनीं उद्योगाची सरकारदरबारीं नोंद करा, हिशेबाची वही ठेवा, एकेकटे न राहतां संस्था काढा. मुलास थापी द्या, पण त्याआधीं पाटी द्या. ज्यास करारनामा वाचतां येतो, त्याचें बिल बुडविणाऱ्यास दोनदां विचार करावा लागतो.